क्लोरीन मोजा, आणि पीव्हीसी आगीपर्यंत पोहोचू देऊ नका : मुंबईच्या हवेविषयी खुले पत्र

प्रति,
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय : हवेतील क्लोराइडची नियमित मोजणी आणि क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या ज्वलनाला मुळात आळा

महोदय,

कल्हईवाला तापलेल्या पितळी भांड्यात नवसागराची चिमूट टाकतो आणि पांढरा धूर भसकन वर येतो. या धुरात काही जळालेले नसते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन न दिसणारे वायू होतात, आणि भांड्याच्या काठाशी गार हवा लागली की तेच दोन वायू पुन्हा जुळून पांढरे कण तयार होतात.

हीच क्रिया शहराच्या हवेत भांड्याशिवाय आणि भट्टीशिवाय होते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : अमोनिया, हायड्रोजन क्लोराइड, आणि गार, दमट पहाट. अमोनिया गटारांतून, तबेल्यांतून, कचऱ्याच्या ढिगांतून येतो. हायड्रोजन क्लोराइड मुख्यतः क्लोरीन असलेले प्लास्टिक (पीव्हीसी हे त्यातले मुख्य) जळण्यातून आणि आम्लाच्या उघड्या टाक्यांतून येतो. पहाट आपल्याला डिसेंबर ते फेब्रुवारी रोज मिळते. तरीही आपण रोज जो हवेचा निर्देशांक जाहीर करता, त्यात क्लोरीनचा उल्लेख कुठेच नसतो. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषके आहेत. अमोनिया आहे, शिसे आहे, निकेल आहे, पण हायड्रोजन क्लोराइड नाही आणि कणांतले क्लोराइडही नाही. त्या यादीपलीकडे काही मोजायला राज्याला कोणाची मनाई नाही. म्हणून हे पत्र.

एक गैरसमज आधीच दूर करतो. क्लोरीन म्हटले की सिलिंडरची गळती, पिवळसर हिरवा वायू, रुग्णालयात दाखल झालेले लोक, असे चित्र डोळ्यांपुढे येते. तो अपघात असतो. आमचे म्हणणे त्याबद्दल नाही. आम्ही बोलतो आहोत ते रोज थोडाथोडा हवेत जाणाऱ्या क्लोरीनबद्दल, ज्याचा वास येत नाही आणि जो पीएम २.५ च्या, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांच्या, आकड्यात नाव न सांगता मिसळून जातो.

हे कण पहाटेच का वाढतात ते आकड्यांत पाहू. कोरड्या हवेचे गणित असे आहे : अमोनियम क्लोराइडचा कण टिकायचा तर हवेतल्या अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइडच्या प्रमाणांचा गुणाकार एका ठरावीक आकड्यापेक्षा जास्त हवा, आणि तो आकडा तापमानाबरोबर झपाट्याने बदलतो. हवेत अमोनिया २० पीपीबी (एक अब्ज भाग हवेत वीस भाग) आहे असे धरा. दुपारी ३२ अंश सेल्सिअसला कण बनायला हायड्रोजन क्लोराइड सुमारे २७ पीपीबी लागेल. २५ अंशांना सुमारे ५ पुरेल. पहाटेच्या १६ अंशांना अर्ध्या-पाऊण पीपीबीत काम होईल. म्हणजे मध्यरात्री एखाद्या कोपऱ्यात जळलेल्या प्लास्टिकचा जो वायू दुपारी वायूच राहिला असता, तो पहाटे कण होऊन फुप्फुसात जातो. हवा दमट असेल तर कण आणखी सहज बनतात. आर्द्रता ७७ ते ८० टक्क्यांच्या पुढे गेली की अमोनियम क्लोराइड पाणी ओढून घेऊन विरघळते, कण फुगतो, आणि फुगलेला कण उजेड अडवतो. धुरके दाटते ते असे. दहा-अकरा वाजता ऊन तापले की यातले बरेचसे क्लोराइड पुन्हा वायू होऊन निघून जाते, आणि दुपारी आकाश पाहणाऱ्याला वाटते की सकाळी फक्त धुके होते.

ही कल्पना कागदावरची नाही. दिल्लीत ती मोजली गेली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याचा अभ्यास सुरू केला. तिथे दर तासाला वायू आणि कणांतले आयन (क्लोराइड, अमोनियम असे विद्युतभारित घटक) वेगवेगळे मोजणारे उपकरण लावले, आणि हिवाळ्यातल्या सूक्ष्म कणांत क्लोराइड हा एक मुख्य घटक असल्याचे दिसले. २०२१ मध्ये मद्रास आयआयटी आणि जर्मनीतल्या माइन्झच्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी मिळून दाखवले, की दिल्लीच्या कणांनी ओढून घेतलेल्या पाण्यातला आणि त्यामुळे घटलेल्या दृश्यमानतेतला सुमारे निम्मा वाटा क्लोराइडचा आहे, आणि ते क्लोराइड प्लास्टिकमिश्रित कचरा जाळण्यातून व कारखान्यांतून येते. दिल्ली समुद्रापासून हजारभर किलोमीटर आत आहे. तिथे क्लोराइड सापडले की ते मिठाचे असेल असे म्हणायला जागा नसते. मुंबईत ती जागा असते, आणि आमच्या मते मुंबईतला क्लोरीनचा प्रश्न मागे पडण्याचे हेच मोठे कारण आहे. अहवालात क्लोराइड दिसले की 'समुद्री क्षार' असे लिहून पान उलटले जाते.

समुद्राचा वाटा वेगळा काढणे अवघड नाही. समुद्राच्या पाण्यात वजनाने एक भाग सोडियमला १.८ भाग क्लोराइड असते. फिल्टरवरचे सोडियम मोजा, त्याला १.८ ने गुणा, आणि तो आकडा एकूण क्लोराइडमधून वजा करा. उरते ते समुद्राचे नाही. उदाहरणासाठी, सोडियम ०.५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि क्लोराइड ३.४ आले तर समुद्राचे क्लोराइड ०.९, बाहेरचे २.५. हे २.५ पूर्णपणे नवसागराच्या रूपात असेल तर त्याचे वजन सुमारे ३.८ भरते. सोडियम समुद्राचेच आहे ना, हे मॅग्नेशियमवरून तपासता येते, कारण समुद्रात त्याचे सोडियमशी प्रमाण ०.१२ असते. पोटॅशियमही मोजावे, म्हणजे लाकूड-पालापाचोळा जळून आलेले पोटॅशियम क्लोराइड वेगळे ओळखता येईल. हे सगळे पीएम २.५ वर करायचे, पीएम १० वर नव्हे. मिठाचे कण जाड असतात आणि पीएम १० मध्ये त्यांची एवढी गर्दी होते की धुरातले क्लोराइड त्यांच्यामागे दिसेनासे होते.

वजाबाकीचे उत्तर कधी उणे येईल. ते चूक समजून खोडू नये. वाहनांच्या धुरापासून बनलेले नायट्रिक आम्ल मिठाच्या कणावर बसते, त्यातले क्लोराइड बाहेर ढकलते आणि स्वतः आत राहते. बाहेर पडलेले क्लोराइड हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन हवेत जाते. म्हणजे उणे आकडाही सांगून जातो की शहराचा धूर समुद्राच्या मिठातून आम्ल काढतो आहे.

आता मोजणी बिघडते कुठे, ते सविस्तर लिहितो, कारण चुकीच्या पद्धतीने मोजून 'क्लोराइड नाही' असा निष्कर्ष निघाला तर तो न मोजण्यापेक्षा वाईट. आजची रीत अशी की टेफ्लॉनचा फिल्टर चोवीस तास लावून ठेवायचा. पहाटे त्यावर अमोनियम क्लोराइड बसते, आणि दुपारी त्याच फिल्टरमधून ३२ अंशांची हवा जात राहते. सकाळचे कण फिल्टरवरच वायू होऊन पंपातून निघून जातात. संध्याकाळी काढलेल्या फिल्टरमध्ये जे उरते तो खऱ्याचा एक तुकडा असतो. स्वयंचलित यंत्रांतही आर्द्रता काढण्यासाठी आत येणारी हवा तापवतात, आणि तिथेही हाच तोटा होतो. काचतंतूचा फिल्टर उलट बाजूने फसवतो : तो आम्लवायू शोषून घेतो आणि आकडा फुगवतो.

यावर उपाय जुना आणि परवडणारा आहे. हवा आधी दोन डिन्यूडरमधून, म्हणजे आतून लेप दिलेल्या, वायू पकडून कण पुढे जाऊ देणाऱ्या नळ्यांतून न्यायची. पहिल्यावर सोडियम कार्बोनेटचा लेप, तो हायड्रोजन क्लोराइड आणि इतर आम्लवायू पकडतो. दुसऱ्यावर सायट्रिक आम्लाचा लेप, तो अमोनिया पकडतो. मग टेफ्लॉनचा फिल्टर, आणि त्याच्या पाठीला नायलॉनचा फिल्टर. टेफ्लॉनवरून जे उडेल ते नायलॉन धरून ठेवतो. कणांतले खरे क्लोराइड म्हणजे या दोन फिल्टरांची बेरीज. चोवीस तासांऐवजी सहा तासांची पाळी ठेवावी : रात्री १२ ते सकाळी ६, सकाळी ६ ते दुपारी १२, आणि पुढे तशीच. डिसेंबर ते फेब्रुवारी असे केले तरी पहिल्या हिवाळ्यात चित्र स्पष्ट होईल. ठिकाणे पाचच घ्या, पण विचार करून : गोवंडी-देवनार, कुर्ला, वरळी, बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, आणि एक खाडीपलीकडे. किनाऱ्यावरचे यंत्र लाटांच्या तुषारांत येणार नाही इतके आत ठेवावे.

प्रयोगशाळेतल्या लहान गोष्टी इथे मोठ्या ठरतात. घामात मीठ असते, तेव्हा उघड्या बोटाने धरलेला फिल्टर बाद. नळाचे पाणी क्लोरीन घालून शुद्ध केलेले असते, तेव्हा त्या पाण्याने विसळलेली बशी किंवा चिमटा बाद. फिल्टर काढल्याबरोबर झाकणाच्या बशीत बंद करून बर्फाच्या पेटीत घालावा आणि विश्लेषणापर्यंत ४ अंशांखाली ठेवावा. मोटारसायकलच्या डिकीत दोन तास उन्हात राहिलेल्या फिल्टरमधून अमोनियम क्लोराइड उडून जाते. दर दहा फिल्टरांमागे एक कोरा फिल्टर तसाच नेऊन-आणून मोजावा. नायलॉन आणताना त्याच्यावरच क्लोराइड असते, ते अतिशुद्ध पाण्याने धुऊन काढल्याशिवाय वापरू नये.

हे झाले रात्रीचे आणि पहाटेचे. सूर्य उगवल्यावर क्लोरीन दुसरे काम करतो, आणि ते ओझोनशी, म्हणजे जमिनीलगत श्वासाला घातक ठरणाऱ्या वायूशी, जोडलेले आहे.

रात्री वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन यांच्यापासून डायनायट्रोजन पेंटॉक्साइड बनतो. तो क्लोराइड असलेल्या ओल्या कणाला भेटला की नायट्रिल क्लोराइड नावाचा वायू सुटतो. अंधारात तो जमत जातो. सूर्याचा पहिला उजेड पडताच तो फुटतो आणि सुट्टा क्लोरीन अणू बाहेर येतो. हवेतले सेंद्रिय वायू एरवी हायड्रॉक्सिल मूलक (हवेतला अतिशय क्रियाशील, क्षणभर टिकणारा रेणूचा तुकडा) जाळतो. क्लोरीन अणू तेच काम कित्येक पट वेगाने करतो. एलपीजीतल्या प्रोपेनबाबत हा वेग शंभर पटींहून जास्त आहे. त्यामुळे ओझोन बनवणारे चक्र सकाळी लवकर आणि जोरात सुरू होते. २००६ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन आणि टेक्सासच्या किनाऱ्याजवळ हा वायू हवेत पहिल्यांदा थेट मोजला गेला आणि एक पीपीबीच्या वर निघाला. मग समुद्रापासून १,४०० किलोमीटर आत असलेल्या कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्येही तो सापडला. २०१३ मध्ये हाँगकाँगच्या ताई मो शान डोंगरावर ४.७ पीपीबी नोंदला गेला. हाँगकाँग आणि मुंबई यांची ठेवण सारखी आहे : समुद्र, बंदर, दाटी, डोंगर, आणि शेजारी कारखाने.

इथे एक इशारा द्यायला हवा, कारण तो धोरणाला थेट लागू आहे. दिल्लीच्या मोजणीत असे दिसले, की हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगत नायट्रिक ऑक्साइड इतका साचतो की तो ओझोन आणि पेंटॉक्साइड बनण्यातला मधला दुवा असलेला नायट्रेट मूलक, दोन्ही खाऊन टाकतो. त्यामुळे डायनायट्रोजन पेंटॉक्साइड बनतच नाही आणि नायट्रिल क्लोराइडही दबून राहतो. विजेच्या बस, मेट्रो, नवी इंजिने यांनी नायट्रोजन ऑक्साइड कमी होणार आहेत, आणि व्हायलाच हवेत. पण ते कमी होताना हा दाब उठेल. त्या वेळी हवेत क्लोराइड तसेच राहिले तर रात्रीची ही रसायनक्रिया मोकळी होईल, आणि वाहनांचा धूर घटूनही सकाळचा ओझोन अपेक्षेप्रमाणे उतरणार नाही. मुंबईत रात्रीचा मतलई वारा शहराची हवा समुद्रावर नेतो आणि दुपारी खारा वारा ती परत आणतो. रस्त्यांपासून दूर, मिठाच्या कणांत रात्र काढलेल्या त्या हवेत नायट्रिल क्लोराइड मोजण्याचे काम पुण्याच्या संस्थेकडे किंवा मुंबई आयआयटीकडे सोपवावे. दोन्ही कामे बरोबर करायची आहेत : वाहनांचा धूर आणि क्लोरीन.

क्लोरीन येतो कुठून, आणि तो मुळात कसा थांबवायचा, याकडे वळू.

सर्वांत आधी पीव्हीसी. शुद्ध पीव्हीसीच्या वजनातला जवळजवळ ५७ टक्के भाग क्लोरीनच असतो. एक किलो पीव्हीसी जळले तर जास्तीत जास्त ५८० ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड निघतो, आणि त्याला पुरेसा अमोनिया मिळाला तर त्यापासून सुमारे ८५० ग्रॅम नवसागर बनतो. पॉलिथिनची पिशवी जळणेही वाईटच, पण तिच्यात क्लोरीन नाही. 'कचरा जाळू नका' हा आदेश दोघींना एकाच मापाने मोजतो. हवेचे रसायनशास्त्र तसे मोजत नाही.

आपल्या शहरात पीव्हीसीचे सर्वांत मोठे पत्रे चौकाचौकात टांगलेले असतात : फ्लेक्स. वाढदिवस, नियुक्ती, उत्सव, निवडणूक. पॉलिएस्टरच्या जाळीदार कापडावर दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा थर म्हणजे फ्लेक्स. दहा बाय वीस फुटांचा एक फलक साडेअठरा चौरस मीटर भरतो. चौरस मीटरला ३०० ग्रॅम धरले तर वजन साडेपाच किलो. त्यात मऊपणासाठी घातलेले तेल आणि खडूही असतो, म्हणून क्लोरीन फक्त पाचवा हिस्सा धरू. तरी एक किलोच्या वर क्लोरीन झाला. तो सगळा कणांत गेला तर १.७ किलो अमोनियम क्लोराइड. हिवाळ्याच्या रात्री हवेचा मिसळता थर शंभर मीटरवर आला असेल, तर एक चौरस किलोमीटरवरच्या त्या थरात हा एक फलक पीएम २.५ मध्ये १७ मायक्रोग्रॅमची भर घालू शकतो. चोवीस तासांची मर्यादा ६० आहे. हा वरच्या टोकाचा हिशेब आहे, सगळा वायू कण होत नाही आणि वाराही वाहतो. पण फलक एकच आहे आणि त्याचे वजन एका पोराला उचलता येईल एवढेच आहे, हेही लक्षात घ्यावे.

डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्याच निकालात अल्पायुषी पीव्हीसी आणि क्लोरीनयुक्त प्लास्टिकवरील बंदीबाबत सहा महिन्यांत निर्देश काढावेत असेही म्हटले होते. दंडाचा भाग लोकांच्या लक्षात राहिला, पीव्हीसीचा भाग विस्मरणात गेला. आठ दिवसांसाठी टांगलेल्या फ्लेक्सपेक्षा अल्पायुषी पीव्हीसी दुसरे कोणते?

आमची मागणी नेमकी आहे. फलकाच्या परवानगीच्या अर्जात माध्यमाचा रकाना घाला, आणि पीव्हीसीला परवानगी देऊ नका. कापड आणि पॉलिथिनवर छापणारी यंत्रे बाजारात आहेत. छापखाना 'हे पीव्हीसी नाही' म्हणतो का, ते विभाग कार्यालयात पाच मिनिटांत तपासता येते. बोटभर तुकडा पाण्याच्या बादलीत बुडवून हवेचे बुडबुडे झटकून सोडा : पॉलिथिन तरंगते, पीव्हीसीचा फ्लेक्स बुडतो. बुडालेल्याची दुसरी परीक्षा तांब्याच्या तारेची. लाकडी मुठीत बसवलेली वीतभर तार गॅसच्या निळ्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, ज्योतीला हिरवा रंग येत नाही याची खात्री करा. तापलेली तार तुकड्याला टेकवा, म्हणजे थोडे प्लास्टिक तिला चिकटेल, आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत लखलखीत हिरवी झाली तर क्लोरीन आहे. ब्रोमीन असलेले प्लास्टिकही हिरवी ज्योत देते, पण जाळायला तेही नकोच. परीक्षा मोकळ्या हवेत करावी, तांदळाच्या दाण्याएवढ्याच तुकड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, कारण निघणारा धूर थोडा असला तरी विषारी असतो.

उतरवलेल्या फलकांचे काय होते, हा पुढचा प्रश्न. अनुज्ञापन खाते किती फलक उतरवले ते सांगते. किती किलो उतरवले आणि ते किलो कुठे गेले, हे नोंदवायला सुरुवात करा. प्रत्येक विभागात फ्लेक्ससाठी वेगळा, कुलूपबंद पिंजरा हवा. रस्त्याकडेला गुंडाळून ठेवलेला फ्लेक्स रात्री कोणाच्या तरी शेकोटीत जातो. रखवालदारांना दोष देऊन उपयोग नाही. बांधकामावरच्या रखवालदाराला विजेचा हीटर देणे विकासकाला बंधनकारक करा.

दुसरे जळण तारेचे. भंगारात आलेल्या वायरीवरचे पीव्हीसी जाळून तांबे मोकळे करतात. इथे धोका दुहेरी आहे. आवरणातला क्लोरीन आणि तांबे एकत्र तापले की २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात डायॉक्सिन हे अतिविषारी संयुग बनायला तांबेच चालना देते. वायर सोलण्याचे छोटे विजेचे यंत्र टेबलावर मावते, जाड वायर ते झटपट सोलते, आणि न जळलेल्या तांब्याला भावही चांगला येतो. अडते ते केसासारख्या बारीक वायरींवर. त्या सोलल्या जात नाहीत, त्यांना कुटून पाण्याच्या किंवा हवेच्या प्रवाहात तांबे वेगळे करणारे यंत्र लागते, आणि ते एकट्या भंगारवाल्याला परवडत नाही. भंगार बाजारांजवळ असे एकेक सामाईक यंत्र महापालिकेने बसवले तर जाळण्याचे कारणच उरत नाही. नुसत्या धाडी टाकल्या तर जाळणे रात्री दोन वाजता होते, म्हणजे हवेसाठी सर्वांत वाईट वेळी.

बेकऱ्यांच्या भट्ट्यांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांमुळे लाकूड बंद होण्याच्या वाटेवर आहे, त्याचे आम्ही स्वागत करतो. भंगार फर्निचरच्या प्लायवूडला कडेने पीव्हीसीची पट्टी असते, वर रेक्झीन असते. लाकूड म्हणून तोललेल्या मालात क्लोरीन असाच शिरतो.

तिसरा स्रोत मंडळाच्या अखत्यारीतला : पोलादाचे पिकलिंग. तार आणि पत्र्यावरचा गंज काढायला १५ ते १८ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाच्या टाक्या असतात. आम्ल जितके तीव्र आणि गरम, तितकी वाफ झपाट्याने वाढते. म्हणून टाकीचे तापमान ४० अंशांखाली ठेवणे हा फुकटातला उपाय आहे. त्यावर झाकण, टाकीच्या काठाला शोषण, आणि मग कॉस्टिकचा स्क्रबर, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने आम्लवायू धुऊन काढणारे यंत्र. स्क्रबर कागदावर सगळीकडे असतो. बिघडतो तो असा : पाणी बदलले जात नाही, फिरते पाणी स्वतःच आम्ल होते आणि वायू धरण्याऐवजी सोडू लागते. पीएच मोजणाऱ्या कांडीवर थर बसतो आणि ती कायम ९, म्हणजे पाणी अजून अल्कधर्मी असल्याचे, दाखवत राहते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कार्बोनेट साचून आतले भरण चोंदते, दाब वाढतो, मग कोणीतरी पंखा मंद करतो. रात्रपाळीत पंप बंद असतो. निरीक्षकाने चिमणीचा नमुना घ्यायच्या आधी फिरत्या पाण्यात स्वतःची लिटमस पट्टी बुडवावी आणि पंपाच्या विजेच्या मीटरचे महिन्याचे युनिट पाहावेत. महिना कसा गेला ते या दोन गोष्टींत कळते. आसपासच्या पत्र्याच्या छपरांचा गंजही बोलतो.

चौथे, देवनार. १९२७ पासूनची ही क्षेपणभूमी. जानेवारी २०१६ च्या आगीचा धूर उपग्रहाच्या चित्रांत दिसला होता आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. आता तिथे दररोज ६०० टन कचऱ्यापासून वीज करण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे, आणि जुन्या ढिगाचे बायोमायनिंगही (ढीग उकरून, चाळून वेगळा करणे) ठरले आहे. दोन्हींत क्लोरीन कळीचा आहे. बायोमायनिंगमधून निघणारे आरडीएफ (कचऱ्यातून वेगळा काढलेला जळाऊ माल) सिमेंट कारखाने घेतात. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत त्याच्या क्लोरीनची मर्यादा प्रतीनुसार अर्ध्या ते एक टक्क्यापर्यंत आहे. शंभर किलो मालात एक किलो शुद्ध पीव्हीसी आले तरी अर्धा टक्का ओलांडतो. सिमेंटच्या भट्टीत हा क्लोरीन पोटॅशियमशी जुळून वाफ होतो, वरच्या सायक्लोनमध्ये (कच्चा माल तापवणाऱ्या शंकूंत) थिजतो, नळ्या चोंदतात, आणि कारखाना माल परत पाठवतो. परत आलेला ढीग पेटायला वाट पाहतो. म्हणून चाळणीनंतर पट्ट्यावर फ्लेक्स, रेक्झीन, वायर आणि पाइप हाताने वेचणारी माणसे ठेवा, त्यांना हातमोजे आणि ठरलेला रोज द्या, आणि प्रत्येक गाडीच्या नमुन्याचे क्लोरीन मोजून मगच गाडी सोडा.

वीज प्रकल्पाबाबत एकच तांत्रिक अट आग्रहाने मांडतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी चिमणीतल्या हायड्रोजन क्लोराइडला घनमीटरमागे ५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि क्लोरीनयुक्त प्लास्टिक जाळायला मनाई केली. पण हा वायू पाण्यात विलक्षण विरघळतो. चिमणीपासून उपकरणापर्यंतची नळी थंड पडली तर तिच्यात पाणी सुटते, वायू त्या थेंबात अडकतो, आणि पडद्यावर शून्याजवळचा आकडा दिसतो. नळी पूर्ण लांबीभर १८० अंशांना तापलेली असावी, उपकरण गरम-ओल्या पद्धतीचे (वायू न सुकवता गरमच मोजणारे) असावे, आणि तपासणीचा वायू उपकरणाच्या तोंडाशी न देता नळीच्या चिमणीकडच्या टोकाला द्यावा. करारात हे वाक्य नसेल तर आकडे कायम सुंदर येतील. चुन्याची फवारणी गणिती गरजेच्या दीड ते अडीच पट लागते. त्यातून बनणारे कॅल्शियम क्लोराइड पाणी ओढते. भट्टी सुरू किंवा बंद करताना गाळणपिशव्या गार असल्या की त्या चिकट होऊन चोंदतात, आणि चालक वायू पिशव्या टाळून सरळ चिमणीत सोडतो. बगल देणाऱ्या त्या झडपेची प्रत्येक उघडझाप वेळेसह नोंदली जावी आणि ती नोंद मंडळाला थेट दिसावी.

थंडी नोव्हेंबरात येते. त्याआधी डिन्यूडर, नायलॉनचे फिल्टर आणि आयन क्रोमॅटोग्राफची (फिल्टरवरचे क्लोराइड, सोडियम मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्राची) वेळ ठरवून ठेवली, तर पहिला नमुना डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेता येईल. पहिल्या हिवाळ्याचे सहा-सहा तासांचे आकडे, सोडियम, पोटॅशियम आणि कोऱ्या फिल्टरांच्या आकड्यांसह, जसेच्या तसे संकेतस्थळावर ठेवावेत. पद्धती लिहून देणे, तंत्रज्ञांना डिन्यूडरवर लेप लावायला शिकवणे आणि आकडे तपासणे, ही कामे आम्ही विनामोबदला करू.

आपले,
शहरी हवेच्या रसायनशास्त्रावर आणि उत्सर्जन नियंत्रणावर काम करणारे अभ्यासक व अभियंते